मधली तुळई

शंकरदादा कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे नाही, वर बघायचा. आढं, वासे, तुळया सगळं डोळ्यांखालून गेलं की मग "बऱ्या हाव ना?" म्हणून विचारायचा. लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याने नवरीआधी मांडवाचे खांब बघितलेले मी पाहिले आहेत. निडीचा सुतार, पण हमरापुरात गणपतीच्या कारखान्यांमधली निम्मी छपरं त्याच्याच हातची.

आमचाही कारखाना घरातच. नवरा गेल्यापासून तो मीच बघते. खाली सगळीकडे मूर्ती, रंगाचा वास आणि कॉम्प्रेसरची घरघर. सायली, माझी मुलगी, बारावीला आली तेव्हा तिला पुस्तक उघडायला कोपरा उरला नाही. म्हटलं, माळ्यावर खोली करू. शंकरदादा बघायला आला. माळ्याच्या मधोमध छातीच्या उंचीवर एक जाडजूड तुळई आडवी गेलेली. दर वेळी तिच्याखालून वाकून जायचं, म्हणजे खोली ती कसली?

"ही काढून टाक," मी म्हटलं.

"वयनी, वासे दोन्ही बाजूंच्या भिंती भायेर ढकलतात. ही मधे त्यांना धरून हाय. हिला काढायची तर आधी आढ्याखाली दुसरी तुळई, तिला दोन खांब. मग ही. रोह्याच्या वखारीत लाकूड सांगितलाय, जरा सुकू दे."

"किती दिवस?"

"लाकडाला घाई कळत नाय."

मला मात्र कळत होती. परीक्षा दीड महिन्यावर आली होती, आणि माझा स्वभाव म्हणजे मनात आलं की हात चाललाच पाहिजे. एका दुपारी सायली कॉलेजला आणि सासूबाई शेजारी गेलेल्या बघून मी मूर्तींचे पाट कापायची करवत घेऊन वर चढले. तासभर खपून तुळई मधून कापून काढली. विचारल्यावर दोघींना बेधडक सांगितलं, "शंकरदादा येऊन काढून गेला."

चौथ्या दिवशी भरदुपारी वर कडकड आवाज झाला. माळ्यावर वाचत बसलेली सायली वह्या टाकून खाली धावली आणि तिच्यामागे आठ-दहा कौलं घसरून आली. पोरीच्या केसांत कौलाचा चुरा होता. तो मी बोटांनी वेचून काढला. मागची भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकली होती.

फोन केल्यावर शंकरदादा आला. सासूबाई दारातच त्याच्यावर तुटून पडल्या. "माझी नात मेली असती रे! कुणी सांगितलेलं तुला तुळई काढायला?" तो सरळ माळ्यावर चढला. मी मागोमाग गेले. कापलेली टोकं वेडीवाकडी, कुरतडल्यासारखी. तसा काप शंकरदादाने जन्मात घातला नसता. त्याने टोकावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि जिन्यात येऊन खाली सांगितलं, "व्हय काकी. माझीच चूक झाली."

मग त्याने टेकू लावले, जॅकने आढं हळूहळू उचललं, साखळीने भिंती आत ओढल्या. नवी तुळई आणि खांब बसवून खोली केली, ती आजही तशीच आहे. सायली तिथेच अभ्यास करून पास झाली. पण सासूबाईंचं तोंड कोण धरणार? शंकरची नजर गेली, हे त्यांनी गावभर केलं. त्याला हमरापुरातून छपराचं काम येईनासं झालं, दारं-खिडक्या तेवढ्या उरल्या.

एकदा मी धीर करून विचारलं, "दादा, तेव्हा माझी चूक स्वतःवर का घेतलीस?"

तो रंधा मारतच म्हणाला, "मी संध्याकाळच्या गाडीने निडीला जाणार. तुला त्याच छपराखाली काकीबरोबर राहायचा हाय."

त्या दिवशीच मी घरी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भीती वाटली, दुसरं काय.

यंदा माघात तो गेला. मी आणि सासूबाई त्याच्या घरच्यांना भेटायला निडीला गेलो. त्याचा मुलगा, तोही सुतारच, खाली मान घालून म्हणाला, "बाबांचं सगळ्या जन्मात एकच काम चुकलं. ते पण तुमच्याकडं. त्यावरनं मी पण त्यांना लय बोललो."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे रे. वय झालं की व्हतं तसं."

मला पुढे ऐकवेना. "त्याचं काही चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "तुळई मी कापली. करवतीने. तो त्या दिवशी आलासुद्धा नव्हता."

मुलगा उठून मागच्या दारी गेला. सासूबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता इथेच तोंडात मारतील. पण त्या सरकत शंकरदादाच्या बायकोजवळ गेल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "बाय गो, सगळ्या गावात मी त्याला नावं ठेवली. आता काय करू?"

तिने डोळे पुसले. म्हणाली, "जिथं जिथं ठेवली, तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या. मी हातातला ब्रश ठेवला आणि आम्ही दोघी आळीतल्या पहिल्या कारखान्यात शिरलो.