सहा शब्दांच्या आत

किसनतात्या सोनकांबळे चष्मा नसला तरी वाचत, पण खिशात फुटाणे नसले तर एक ओळसुद्धा वाचत नसत. आमच्या पाणीपुरवठा सोसायटीचे ते दप्तरी. लाल फडक्यात बांधलेले बस्ते सोडायचे, कागद काढून द्यायचा, परत बांधून ठेवायचा, एवढंच सरकारी भाषेत त्यांचं काम. पण एखादी जुनी गोष्ट शोधायची असली की तात्या टेबलावर फुटाण्यांची ढिगुळी मांडत, धोतराचा सोगा सावरत, आणि आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानासारखी मांडीवर थाप मारून इतिवृत्ताचं पुस्तक उघडत. तेव्हा ऑफिसातल्या पालीसुद्धा भिंतीवर स्तब्ध व्हायच्या. खोटं वाटत असेल तर पालींना विचारा.

मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. रुजू झालो त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "तात्या, हे फुटाणे कशाला?"

"सेक्रेटरीसाहेब, एकटा शब्द साक्ष देत न्हाय," तात्या म्हणाले. "त्याचा शेजारी धरून आणावा लागतो."

मला ओ की ठो कळलं नाही. कळलं ते इंजिनाच्या वेळी. सोसायटीचं एक जुनं डिझेल इंजीन तीन वर्षं बेपत्ता होतं. दुरुस्तीला गेलं एवढं सगळ्यांना आठवत होतं, कुठं गेलं ते कुणालाच नाही. इतिवृत्तात 'इंजीन' हा शब्द शोधावा तर तो पानोपानी! प्रत्येक सभेत इंजीन बंद पडलेलं असायचं. तात्यांनी आसपासच्या गावांची नावं मनाशी धरली आणि वाचायला सुरुवात केली. 'इंजीन' शब्द आला की एक फुटाणा डाव्या गालात. मग पुढचे सहा शब्द बोटांवर मोजायचे. सहाच्या आत गावाचं नाव आलं, तर फुटाणा अलगद बाहेर काढून टेबलावर ठेवायचा आणि पानात काडी घालायची. नाही आलं तर फुटाणा कडकन चावून गिळायचा. सहा मोजून होण्याआधीच दुसरं 'इंजीन' आलं, तर दुसरा फुटाणा उजव्या गालात, त्याची मोजणी दुसऱ्या हातावर. कधी कधी दोन्ही गाल असे फुगायचे, की मारुतीच्या देवळातलं वानर ओळख दाखवायला यायचं.

दुपारपर्यंत अर्धा शेर फुटाणे तात्यांच्या पोटात आणि एकच टेबलावर. त्या ओळीत लिहिलं होतं, 'इंजीन बैलगाडीने माकणीस धाडावे.' आम्ही माकणीला गेलो, तर तिथल्या मिस्त्रीच्या परसात आमचं इंजीन उभं, आणि त्यात एका कोंबडीनं दोन पिढ्यांचा संसार थाटलेला. तिला उठवायला आम्हाला मिस्त्रीपेक्षा जास्त विनवण्या कराव्या लागल्या.

आता माझी सून पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. परवा तिनं मला कौतुकानं दाखवलं. एक शब्द लिहायचा, मग कंस, उभ्या रेघा, मध्येच महिरपी कंसात शून्य ते सहा असे आकडे, मग दुसरा शब्द. याला म्हणे रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. हजारो पानांतून एकमेकांजवळचे दोन शब्द डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडतात. मी म्हटलं, "सूनबाई, हे यंत्र फुटाणे कुठं ठेवतं?" ती सासऱ्याच्या तब्येतीची काळजी करायला लागली. म्हणून तिच्यासाठी, आणि तात्यांना कधीच न पाहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, ती विहिरीची गोष्ट लिहून ठेवतो.

बहात्तरनंतर दहा-बारा वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ पडला. आकाश इतकं कोरडं, की चिमण्या उडताना त्यांच्या पंखांचा करकर आवाज यायचा. गावातले आड आटले. फक्त सोसायटीच्या मोठ्या विहिरीला पाणी टिकून होतं. बौद्धवस्तीतल्या बाया तिथूनच घागरी नेत, कारण वस्तीचा आड तळाला गेला होता. तेव्हाच आमचे चेअरमन मल्लिनाथअप्पा यांनी मुरुमच्या बाजारातून लोखंडी जाळी आणि नारळाएवढं कुलूप आणलं. विहीर सभासदांच्या पिकांसाठी आहे, बिगरसभासदांनी पाणी न्यायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, असं नियमात होतं. आणि वस्तीत सभासद एकही नव्हता.

तात्या वस्तीतलेच. अप्पांसमोर उभे राहून म्हणाले, "अप्पा, बहात्तरला ठराव झालाय. विहीर समद्यांना खुली म्हणून. म्या त्या सभेत सतरंज्या टाकल्या होत्या."

"सतरंजीवर लिवलाय का ठराव?" अप्पांचा पुतण्या शिवानंद मध्येच म्हणाला. तो सोलापूरला बी.कॉम. झाला होता आणि ते तो पाणी मागतानाही सांगायचा. "म्या स्वतः पट्टी लावून ओळ न ओळ तपासली. असा ठराव न्हाय."

अप्पा माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा भक्त. म्हणाले, "किसन, सोमवारी सभा हाय. ठराव दाखव, जाळी परत मुरुमला धाडतो. न्हाय घावला तर कायमचं कुलूप. तवर पाणी बंद."

गुरुवार होता. तात्यांकडे चार दिवस होते, आणि समोर इतिवृत्ताची चार जाडजूड पुस्तकं. ती लिहिलेली होती शाळामास्तर दिगंबर गुरुजींनी. गुरुजी आता वारले होते. पण त्यांचं लिखाण म्हणजे! एकच वाक्य तीन-तीन पानं चालायचं. मथळा नाही, तारीख नाही, परिच्छेद नाही, पूर्णविराम तर सणासुदीलाच. त्यात गुरुजींना वाटायचं, एकच शब्द दोनदा लिहिणं म्हणजे भाषेचा भिकारपणा. त्यामुळं एका ठिकाणी विहीर, तर पुढं कूप, मग बारव, मग आड. सोसायटीची विहीर एकच, पण वाचणाऱ्याला वाटावं गावात पाताळापर्यंत चाळण झालीय. शिवानंदनं फक्त 'विहीर' आणि 'खुली' एवढंच पाहिलं होतं.

तात्यांनी पहिल्या दिवशी काही शोधलंच नाही. गुरुजी विहिरीला काय काय म्हणतात, तेवढंच एका पुस्तकातून गोळा केलं. "विहीर, हीर, बारव, आड, कूप, जलस्थान," त्यांनी मला पाटीवर लिहायला लावलं. दुसऱ्या बाजूला "खुली, मोकळी, मुभा, परवानगी." म्हणाले, "हिकडला कुनीबी येऊ द्या, तिकडला कुनीबी. दोगं सहा शब्दांत भेटले की धरा."

शुक्रवारी फुटाणे सुरू झाले. मी शेजारी बसून पानं उलटून देत होतो. मध्येच मी ओरडलो, "तात्या, आड!"

"कुठं?"

"हे काय."

"ते आडनाव हाय, साहेब. शब्दाच्या मागं-म्होरं मोकळी जागा बगा, मग बोंबला. असं धरलं तर गाडीतबी आड घावतोय आन लाडवातबी."

शनिवारी दुपारपर्यंत चारी पुस्तकं संपली. टेबलावर तीन फुटाणे उरले होते. पहिल्या जागी निघालं, 'बारवेत म्हशी मोकळ्या सोडू नयेत.' दुसऱ्या जागी, 'आडावर पत्ते खेळण्यास मुभा नाही.' तिसऱ्या जागी, 'कूपात चेअरमनच्या परवानगीशिवाय पोहू नये.' गुरुजींनी विहिरीवर काय काय करू नये ते सगळं लिहिलं होतं, पाणी प्यावं एवढंच नव्हतं.

शिवानंद दारातून डोकावून म्हणाला, "काय तात्या, फुटाणे खाऊन तहान लागली आसंल की?" आणि हसत गेला.

तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला पाहिला. तेवढ्यात त्यांच्या बायको चंद्राबाई भाकरी घेऊन आल्या. डोक्यावर रिकामी घागर. त्या दीड कोसावरच्या झऱ्यावर जाऊन रांगेत उभ्या राहून तशाच परत आल्या होत्या. तात्यांनी सगळं सांगितलं. आधी विहीर, मग सहा शब्दांत मुभा, असं कुठंच येत नाही म्हणाले.

चंद्राबाईंनी घागर आपटली. "का वो, आधी विहीरच का? माणूस तहानल्यावर आधी 'द्या' म्हणतंय, मग 'पाणी' म्हणतंय. तुमचा मास्तर काय येगळा व्हता?"

तात्या बसल्या जागेवरून ताडकन असे उठले की खुर्ची मागं पडली. "उलटं! साहेब, उलटं! आधी मुभा, मग विहीर! आपुन एकाच बाजूनं बगत व्हतो!" भाकरी तशीच राहिली. आता 'मुभा' आली की फुटाणा गालात, आणि पुढच्या सहांत विहिरीचा कोणताही अवतार. माझ्या अंगात असा उत्साह संचारला, की मी पानं उलटताना वारा सुटायचा आणि शेजारच्या टेबलावरचे कागद उडून अंगणात जायचे.

रविवारी दुपारी तिसऱ्या पुस्तकात, एका पानाच्या शेवटच्या ओळीत शेवटचा शब्द आला, 'मुभा'. तात्यांनी फुटाणा टाकला. पान संपलं. मी म्हणालो, "चला, हे गेलं."

तात्यांनी बोट वर केलं. बोलता येत नव्हतं, फुटाणा गालात होता. डोळ्यांनीच म्हणाले, उलटा. मी पान उलटलं. राहील, एक. अशा, दोन. रीतीने, तीन. संस्थेचे, चार. जलस्थान...

तात्यांनी फुटाणा बाहेर काढला नाही. तो त्यांच्या तोंडातून बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसला. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांना धरून इतके नाचलो, की सोसायटीच्या फरशीला पडलेली भेग अजून आहे.

सोमवारी सभेला अख्खं गाव. वस्तीतले लोक बाहेर कडुलिंबाखाली. तात्या उभे राहिले आणि गुरुजींच्याच सुरात वाचायला लागले. "सदर भीषण अवर्षणात तृषार्त झालेल्या सर्व ग्रामस्थांस, मग ते सभासद असोत वा नसोत, वेशीच्या अलीकडील असोत वा पलीकडील, अहोरात्र मुभा..." इथं थांबून त्यांनी पान उलटलं. "...राहील अशा रीतीने संस्थेचे जलस्थान सर्वांचे समजावे, व पाऊसपाणी होवो न होवो, हा ठराव कायम राहावा."

शिवानंद उठला. "हरकत! या पानावर विहीर न्हाय, आन त्या पानावर मुभा न्हाय. दोन येगळी पानं हायेत."

"शिवानंदराव," तात्या म्हणाले, "पान उलटलं म्हणून बोलणाऱ्याचं बोलणं संपत न्हाय. तुमी पट्टी लावून ओळ बगितली. म्या माणूस बोलतोय कुठवर ते बगितलं."

सभेत हशा पिकला. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. ठरावाखाली 'सूचक' म्हणून एक सही होती. तरण्या माणसाची, वळणदार, खाली दोन रेघा ओढलेली. अप्पांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही सही माझीच," ते म्हणाले. "म्याच मांडला व्हता, आन म्याच इसरलो. तवा माझं बी एक लेकरू तापानं पाणी पाणी करीत व्हतं." मग शिवानंदकडं वळून, "ती जाळी उचल. आज मुरुमला गाडी जातीया."

बाहेर कडुलिंबाखाली असा गलका उठला की झाडाची पानं गळाली. निदान मला तरी तसंच आठवतं. पण तात्या खाली बसले नाहीत.

"अप्पा, एक मागणं. हा ठराव परत एकदा लिवा. पानाच्या मधोमध. दोन शब्दांत लांब फट ठिवली, की त्या फटीत कुनीतरी कुलूप आणून बसवतंय."

अप्पांनी मला खूण केली. मी पेन उघडलं, तर अप्पा म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी न्हाय. किसनला द्या." दप्तरीनं इतिवृत्तात लिहायची पद्धत नव्हती. तात्यांचं अक्षर सरळ आलं. 'विहीर सर्वांना खुली.' एवढंच. खाली सह्या, अंगठे, आणि सगळ्यात शेवटी तोंड वाकडं करून शिवानंद, सहीपुढं कंसात बी.कॉम.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखा वाचणारा मी पुन्हा पाहिला नाही, आणि मी तर आयुष्यभर कागदातच होतो. पण मला ते पुस्तक वाचताना आठवत नाहीत. आठवते ती मंगळवारची सकाळ. विहिरीवर बायांची रांग होती, मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तात्या नवी टोपी घालून काठावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ठरावाची हकिगत सांगत होते. चंद्राबाईंनी घागर भरली, पदर खोचला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"वाचून झालं आसंल तर हात लावा जरा. ठराव उचलत न्हाय घागर."

तात्यांनी टोपी माझ्या हातात दिली आणि घागर उचलून सरळ स्वतःच्या खांद्यावर घेतली. वस्तीपर्यंतच्या वाटेवर पाणी हिंदकळत होतं, त्यांचा सदरा पाठभर भिजला होता, आणि मागून चंद्राबाई साऱ्या रस्त्यानं ओरडत होत्या, "सांडू नगा वो, सांडू नगा!"