नव्याण्णव मेंढरं

नव्या घोंगड्याचा वास आला की मला पन्नासच्या दशकातली कोल्हापुरातली माझी परीक्षा आठवते. मी ख्रिस्ती पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, प्रशिक्षण वर्गात होतो. नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेलं एक शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची येशूची गोष्ट, हरवलेल्या मेंढराचा दाखला, चर्चच्या मराठी-कानडी मंडळीला नीट शिकवला, तरच मला पाळक म्हणून गाव मिळणार होतं. कानडी बायकांना माझं मराठी कळत नव्हतं. इतक्यात मागून कोरं घोंगडं पांघरलेला एक धनगर म्हणाला, "एक शोधाय गेला, मग नव्याण्णव कुणाजवळ ठेवली?" मी म्हणालो, "तुमीच सांगा की, पावणं." "भावाजवळ. धनगर एकटा हिंडतोय व्हय?" शेजारणींनी त्यांना ते कानडीत सांगितलं आणि त्या बायकाही बोलू लागल्या. माझे गुण लिहीत बसलेले परीक्षकही वही मिटून पुढे सरकले आणि धनगराला विचारू लागले, "आणि लांडगा आला तर?" निकाल विचारायचं मी विसरूनच गेलो. पुढे नव्या पाळकांची परीक्षा मी घेऊ लागलो, तेव्हा मंडळीत एक तरी धनगर बसवायचो.