नवरदेव काशीला निघाला तेव्हा

आमच्या आईच्या लेखी नळदुर्गच्या पुढं चार गावं ओलांडली की परदेश लागायचा. तिकडं लोक कानडी बोलतात, मग तो परदेश नाही तर काय? त्यामुळं मित्राच्या लग्नाला शनिवार-रविवार विजापूरला जातो म्हटल्यावर तिनं मला बोटीवर चढवायला निघाल्यासारखी तयारी केली. दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि वर सूचना दिल्या. "म्या सांगते, तिकडं न्हाय कळलं तर गप बसावं. उगं हसून मान हलवू नगंस. कशाला व्हय म्हनलास तेबी कळायचं न्हाय." मी तेव्हा तिच्यावर वैतागलो होतो. मी कारखान्यात नोकरी करणारा, पँट घालणारा माणूस, मला काय शिकवते?

आमचा साखर कारखाना सहकारी, नळदुर्गजवळ नवाच उभा राहिलेला. मी काट्यावर होतो, उसाच्या गाड्यांची वजनं करायचो. मित्र प्रयोगशाळेत रस तपासायचा. तो मूळचा सोलापूरच्या कानडी ब्राह्मणाच्या घरातला, मी आमच्या बौद्ध वस्तीतला. दोघांची खोली शेजारी-शेजारी आणि चहा एकाच स्टोव्हवर. त्या साली पावसानं पुन्हा दडी मारली होती, ऊस उभ्या उभ्या वाळला आणि हंगाम लवकर आटोपला. म्हणून सुट्टीही मागायची गरज पडली नाही.

सोलापूर स्टेशनावर वऱ्हाड भेटलं आणि आम्ही सगळे विजापूरच्या छोट्या गाडीत बसलो. बायका आत गाणी म्हणत होत्या. मित्रानं मला दाराजवळ ओढलं आणि हातात एक कापडी पिशवी दिली.

"हिच्यात माझे दोन कपडे आहेत. तुझ्याजवळ ठेव."

"कशाला रं?"

"उद्या मी मांडवातून उठून चालायला लागलो की पिशवी घेऊन माझ्यामागं ये. सरळ स्टेशन गाठायचं."

मला हसू आलं. तो मात्र हसला नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. मुलगी त्याला पसंत होती, तक्रार तिच्याविषयी नव्हतीच. तिच्या वडिलांचं विजापुरात औषधांचं दुकान होतं आणि त्यांनी अट घातली होती की जावयानं नोकरी सोडून दुकानात बसायचं. तुमच्या त्या दुष्काळी मुलखात पाणी नाही, तिकडं मी मुलगी देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मित्राच्या वडिलांनी त्याला न विचारता अट मान्य करून टाकली होती. "मी घरजावई होणार नाही," तो म्हणाला. "गोळ्या मोजत बसायला मी रसायनशास्त्र शिकलो नाही."

आता अडचण अशी, की या माणसाची थट्टा कोणती आणि खरं कोणतं हे कधीच कळायचं नाही. साखरेचं पोतं उन्हात ठेवलं तर वजन वाढतं, हे एकदा त्यानं एका नव्या शिपायाला इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की तो बिचारा दुपारभर पोतं राखत बसला होता. मी पिशवी खांद्याला लावली आणि विजापूर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर आमच्याकडं होती तशीच करपलेली शेतं होती.

विजापुरात उतरल्यापासून माझी अक्कल चालेना. जो तो येऊन "बन्नी, बन्नी" म्हणायचा. 'या' म्हणतात एवढं कळलं, पण कुठं यायचं ते कळेना. एका बाईनं मला काहीतरी विचारलं, मी हसून मान हलवली, तर तिनं माझ्या ताटात चौथ्यांदा भात वाढला. पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलवली, पाचव्यांदा वाढला. पंगतीत आपल्याला कुठं बसवतील याची मला धास्ती होती, ती तेवढी फुकट गेली. मित्राच्या मेव्हण्यांनी, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं, मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं होतं. त्यांना मराठी येत होती, पण ते ती इतकी जपून वापरायचे की एका प्रश्नाला एकच शब्द मिळायचा.

रविवारी मुहूर्त दुपारचा होता. तेवढ्या वेळात पाहुण्याला अख्खं विजापूर दाखवायचंच असा मेव्हण्यांनी चंग बांधला. टांगा केला. टांगेवाल्यानं "काँ जाना जी?" म्हटलं आणि मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ही बोली आमच्याकडच्या बाजारात रोज ऐकलेली. कालपासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी सरळ बोलत होतं. गोलघुमट बघितला. वरच्या सज्ज्यात कुणाच्या तरी शाळेची सहल आली होती आणि पोरं घसा ताणून ओरडत होती, तेच ओरडणं पलीकडच्या भिंतीवरून पुन्हा पुन्हा अंगावर येत होतं. "कसं आहे?" मेव्हण्यांनी विचारलं. मी चांगलं आहे म्हणालो. खरं तर मला तिथं काहीच दिसत नव्हतं. मुलुखमैदान तोफेवर हात फिरवला, एक मशीद बघितली, आणखी एक काहीतरी बघितलं. सगळीकडं मी पिशवी खांद्याला लावून होतो आणि मेव्हणे ती धरायला हात पुढं करायचे, मी ती पोटाशी घ्यायचो.

शेवटी न राहवून मी त्यांना विचारलं, "पाहुणं, नवरदेव लग्नाला राजी आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "असेल."

यावर मी काय समजायचं? वाटेत एका नळावर घागरींची रांग लागली होती, पार कोपऱ्यापर्यंत. बायका भांडत होत्या. ज्या सासऱ्यांना आमच्या मुलखात पाणी नाही म्हणून मुलगी द्यायची नव्हती, त्यांच्या गावाची ही गत. मला हसावं की चिडावं कळेना. मी चिडलो.

मांडवात परतलो तेव्हा विधी सुरू झाले होते. आमच्याकडं लग्न म्हणजे बुद्धवंदना, त्रिशरण-पंचशील, एकमेकांच्या गळ्यात हार आणि वरून फुलांच्या पाकळ्या. अर्ध्या तासात नवराबायको. इथं मात्र बसा, उठा, हे सोडा, ते बांधा असं चाललेलं. मी एका खांबाला टेकून मित्रावर नजर ठेवून होतो. तेवढ्यात तो उठला. त्यानं छत्री घेतली, काठी घेतली, पायात खडावा घातल्या आणि मांडवाच्या दाराकडं चालू लागला.

आजूबाजूला बघतो तर कुणीच त्याला अडवत नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. भटजी निवांत पान खात होते. मला वाटलं, काय लोक आहेत, एवढा सोन्यासारखा मुलगा भर मांडवातून निघालाय आणि यांना हसू सुचतंय! मी पंगतीच्या पत्रावळी ओलांडत धावलो आणि दारात त्याला गाठलं.

"ही घे पिशवी. टांगा बाहेर हाय. चल लवकर."

मांडवात असा हशा उसळला की वाजंत्रीवाल्यांनीही सनई खाली ठेवली. मेव्हणे धावत आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच असावं तसं लांबलचक मराठी वाक्य बोलून मला समजावलं. ही त्यांच्याकडची रीत होती. नवरदेव 'मला संसार नको, मी काशीला चाललो' म्हणून निघतो, मुलीचे वडील नारळ घेऊन आडवे येतात, 'काशीला जाऊ नका, माझी मुलगी पत्करा' म्हणतात आणि तो परत फिरतो. रुसण्याचं नाटक. सगळ्यांना माहीत असलेलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पिशवी मागं घ्यायला मी हात पुढं केला, पण मित्र ती सोडेना. तो हसत नव्हता. काखेत छत्री, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझ्याकडून घेतलेली पिशवी, आणि तो बाहेर टांग्याकडं बघत होता. तेव्हा मला भीती वाटली. हे नाटक होतं हे कळल्यानंतर जास्त भीती वाटली, कारण आता त्याला खरंच जाता आलं असतं.

सासरे नारळ घेऊन आले. किरकोळ अंगाचे, चष्मा घातलेले. त्यांनी ठरलेलं वाक्य कानडीत म्हटलं, हसत हसतच. मित्रानं कानडीत उत्तर दिलं. मला त्यातले फक्त 'काशी' आणि 'नळदुर्ग' एवढे दोनच शब्द कळले. पण लोकांचं हसणं थांबलं. मी मेव्हण्यांचा दंड धरला. ते कुजबुजले, "काशीला नाही, नळदुर्गला जातो म्हणतोय. मुलगी तिकडं पाठवणार असाल तर फिरतो."

मित्राचे वडील लालबुंद झाले. सासऱ्यांच्या हातातला नारळ तसाच राहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकच शब्द बोलले. लगेच सनई सुरू झाली, बायका हलल्या, भटजींनी घाई केली. मित्रानं पिशवी माझ्या हातात दिली आणि परत फिरला.

"काय म्हणाले ते? काय म्हणाले?"

"बघू म्हणाले," मेव्हणे म्हणाले.

बघू! आमच्या कारखान्यात संचालक 'बघू' म्हणाले की तो विषय मेला असं धरायचं. मग हा परत का फिरला? जिंकला की हरला? अक्षता पडल्या, जेवणं झाली, फोटो निघाला, आणि माझ्या डोक्यात तोच गोंधळ. मित्र बाशिंगाच्या मागं, त्याचं तोंडही दिसेना. मला त्याचा राग आला, त्याच्या वडिलांचा आला, त्या चष्मेवाल्या गृहस्थाचा तर फारच आला. नवरी समोर बसली होती, तिच्याकडं मी एकदाही नीट बघितलं नाही. तिला यात काही म्हणायचं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या माणसांत कुणाच्याच आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी गाडीसाठी स्टेशनावर उभा होतो. मला पोचवायला मित्र आला, बरोबर नवी नवरी, आणि सोबतीला तिचे वडीलही आले होते. मी मित्राला बाजूला घेऊन विचारलं, "मग? कारखान्यावर येनार का न्हाय तू?"

"काही कळत नाही रे," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं खरं कोणतं ते मला चेहऱ्यावर दिसलं. रात्रभर झोपला नव्हता.

गाडी फलाटाला लागली. मी चढणार तोच नवरी पुढं आली. हिरवा चुडा, डोक्यावरून पदर. चांगल्या ठसठशीत मराठीत ती मला म्हणाली, "अण्णा, एक विचारू? तुमच्याकडं टँकर कोणत्या वाराला येतो?"

मी गडबडलो. "मंगळवारी आन् शुक्रवारी. पन नेम न्हाय."

"इथं आठवड्यातून एकदाच येतो," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळून तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, "म्हणजे मंगळवारच्या टँकरच्या आधी, येत्या सोमवारी पोचायला हवं आपण. दोन घागरी मी माझ्या घेते."

मित्र तिच्याकडं बघतच राहिला. मी सासऱ्यांकडं बघितलं. त्यांना मराठी चांगली येत होती, औषधाच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं मराठीच यायची. ती बोलत होती आमच्याशी, पण ऐकवत होती त्यांना. त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. गाडीनं शिटी दिली.

"घागरी काय पुरत्यात?" ते जावयाला म्हणाले. "घरामागचं पत्र्याचं पिंप घेऊन जावा."