बियाण्याचा धूर

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पार्वताबाई स्टुलावर उभ्या राहून स्वयंपाकघराच्या आढ्याला बांधलेली ज्वारीची कणसं सोडत होत्या. त्यांचे यजमान नत्थुजी खाली स्टूल धरून होते. कणसांच्या सव्वीस जुड्या होत्या. भेंडी, दोडका आणि कोहळ्याच्या बियांच्या पुरचुंड्या वेगळ्या. सगळं धुरानं काळं पडलेलं.

भातकुली तालुक्यातल्या या घरात बियाणं चुलीवर टांगून राखतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, सरपणाचा धूर बसला की बियाण्याला किडा लागत नाही. पार्वताबाईंच्या बियाण्याला एकतीस वर्षांत तो लागलेला नाही, म्हणून पेरणीआधी अर्धं गाव त्यांच्या दारात येतं. घरात गॅस आहे. त्यावर चहा होतो. स्वयंपाक चुलीवर, कारण गॅसला धूर नाही.

दिवाळीपासून नऊ महिन्यांच्या नातीचा खोकला थांबेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरातला धूर बंद करायला सांगितलं. मुलगा गजेंद्र नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे. त्यानं एक्झॉस्ट फॅन आणून बसवला. तिसऱ्या दिवशी पार्वताबाईंच्या लक्षात आलं की पंखा धुराला बियाण्यापर्यंत पोचूच देत नाही. त्या दिवसापासून त्या पहाटे पंखा बंद करून त्याच्या तोंडात पोतं कोंबू लागल्या आणि घर जागं व्हायच्या आत काढू लागल्या. महिनाभर हे सुरळीत चाललं.

मग एका पहाटे पोरगी रडली म्हणून सून प्रणाली लवकर उठली.

"आई, हे काय हाये?"

"पोतं."

"काहून कोंबलं?"

"बियाले धूर पायजे."

"अन् पोरीले?"

पार्वताबाईंनी फुंकणी उचलली आणि चूल फुंकली. दुपारच्या गाडीनं प्रणाली पोरीला घेऊन माहेरी, अकोल्याला गेली. चूल घरात आहे तोवर येणार नाही, असं सांगून गेली. दहा दिवसांनी तिचा फोन आला, खोकला थांबला. त्यानंतर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. पार्वताबाईंनी आणखी आठवडा घेतला.

आज उजाडेपर्यंत सगळं बियाणं अंगणातल्या टिनाच्या शेडात गेलं. तिथं नवी चूल चार दिवसांपूर्वीच घालून वाळवली होती. नत्थुजींनी घरातली जुनी चूल टिकासानं फोडली. शेजारची शालू कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"काकू, पाऊस झोडपून काढन तिथी. बी भिजलं तं आमी काय पेरावं?"

"तुया घरी ताडपत्री हाये ना?"

"हाये."

"घेऊन ये मंग."

शालू आणायला गेली.

आठ वाजता प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं आधी चूल होती ती जागा पाहायला मागितली. मग पंखा. तो फिरत होता.

"अन् पोतं?"

"तुया सासऱ्याच्या बुडाखाली."

नत्थुजी पोत्यावर बसून गॅसवरची भाकर खात होते. तिला चव नाही, असं ते फोनकडे पाहून म्हणाले.

"बाबा, तुमाले शेडातली मिळन," प्रणाली म्हणाली. मग तिनं उद्याच्या परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

उद्या शेडातली चूल साडेपाचला पेटेल. दहाच्या एसटीनं नत्थुजी बडनेरा स्टेशनवर जातील.