गारठ्यातल्या जिवांची बाई

कारखान्यात त्यांना सगळे स्वेटरबाई म्हणत. बाहेर ऊन रणरणत असलं तरी बाईंच्या अंगात राखाडी स्वेटर असायचाच, आणि त्याच्या कोपराला कातड्याचं ठिगळ. कारण साधं होतं. त्यांचा अर्धा दिवस शीतखोलीत जायचा. जाड दार, छताला गुणगुणणारा पंखा आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले काचेचे चंबू. त्या चंबूंमध्ये बाईंचे जीव राहत. बाई त्यांना बॅक्टेरिया क्वचितच म्हणत. "आमची मंडळी" म्हणत.

ही मंडळी बाईंनी स्वतः आणलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला नवराबायको डोंगरावर गेले होते. वर बर्फ होतं आणि त्याच्या पायथ्याशी एक ओढा वाहत होता. नवरा फोटो काढायला वळतो न वळतो तोच बायकोनं थर्मासमधला चहा ओतून दिला आणि त्यात ओढ्यातला काळा गाळ भरला.

"माझा चहा!" नवरा ओरडला.

"अहो, इतक्या गारठ्यातही यात काहीतरी जगतंय. वास घेऊन बघा."

नवरा भूगोलाचा शिक्षक, गंमत्या माणूस. त्यानं खरंच वास घेतला. पुढे आयुष्यभर तो हा किस्सा सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "त्याच दिवशी मला कळलं, या संसारात माझा नंबर दुसरा."

कारखाना एन्झाइम बनवायचा. सूक्ष्म जीव अन्न पचवण्यासाठी अंगाबाहेर जो रस सोडतात, त्यात ही एन्झाइम असतात. दुधाचे, अंड्याचे, रक्ताचे डाग पडले की हा रस ते बारीक कातरतो आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून धुण्याच्या पावडरीत तो घालतात. पण नेहमीच्या रसाला कोमट, गरम पाणी लागतं. बाईंच्या मंडळींचा जन्म गारठ्यातला, त्यामुळे त्यांचा रस नळाच्या थंडगार पाण्यातही कामाला लागायचा. घरोघरी पाणी तापवायला जाळलं जाणारं इंधन वाचेल, हे बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अडचण एकच. मंडळी रस द्यायची ती अगदी चिमूटभर.

बाईंनी काय केलं नाही! आधी त्यांना साखर घातलेलं सकस खाणं दिलं. चंबू दुधासारखे पांढरे झाले, मंडळी दुप्पट-तिप्पट वाढली, पण रस उलट कमी झाला. बाई विचारात पडल्या. मग लक्षात आलं, आयतं गोड मिळतंय म्हटल्यावर पचवायची खटपट कोण करील? त्यांनी साखर तोडली आणि खाणं थेंबाथेंबानं द्यायला सुरुवात केली. रस वाढला. मग आणखी एक गोष्ट दिसली. मंडळी वाढायची जरा उबेत, पण रस सोडायची गारठा पडल्यावर. म्हणून बाई त्यांना आधी उबेत वाढू देत आणि मग हळूहळू, त्यांना झटका बसू नये अशा बेतानं, थंडी वाढवत. चंबूतला रस इतका वाढला की बाईंनी त्या दिवशी शीतखोलीत एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

आणि मग मोठ्या टाकीत सगळ्यावर पाणी फिरलं.

टाकी दोन मजले उंच, चकचकीत पोलादाची. खाणं तेच, थंडी तीच, मंडळीही तीच. पण टाकीतला माल नळीतून खालच्या हॉलमध्ये जायचा, तिथल्या पिंपात साठायचा, मग गाळला जायचा. त्या पिंपातला नमुना तपासला की रस जवळजवळ नाहीच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाईंनी हवा वाढवली, घुसळण कमी केली, खाणं बदललं. काही उपयोग होईना.

कारखान्याचे साहेब मनानं वाईट नव्हते, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या मंडळींना परीक्षेच्या दिवशीच ताप येतो बघा. अजून एक-दोनदा करून पाहा. मग मला टाकी दुसऱ्या कामाला द्यावी लागेल."

बाई मान डोलावून निघाल्या. घरी आल्या आणि भाजी चिरता चिरता नवऱ्याला म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय. काय, ते सापडत नाही."

पुढच्या खेपेला त्या टाकीपाशीच उभ्या होत्या. मंडळी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते ते बघावं म्हणून त्यांनी टाकीच्या तोटीतूनच एक बाटली भरून घेतली. तेवढ्यात फोन वाजला. सासरे न्हाणीघरात घसरून पडले होते. बाईंनी हातातली बाटली धावत शीतखोलीत टेकवली आणि तशाच निघाल्या.

सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. नवरा आणि बाई आळीपाळीनं दवाखान्यात बसत. म्हातारबुवा शुद्धीवर आले तेव्हा उशाशी सून होती.

"सूनबाई, तू इथे? मग तुझ्या त्या लेकरांकडे कोण बघतंय?"

"त्यांना काही होत नाही, बाबा. थंडीत ठेवलंय."

"मला पण ठेव की मग. इथे फार उकडतंय," म्हातारे म्हणाले. बाईंना हसताना रडू आलं.

बाई कामावर परतल्या तेव्हा त्या खेपेचा निकाल टेबलावर होता. पिंपातला नमुना, रस नगण्य. साहेबांचा निरोपही होता, भेटून जा म्हणून. जाण्याआधी बाई शीतखोली आवरायला गेल्या, तर ती विसरलेली बाटली दिसली. इतक्या दिवसांची शिळी. कुणीही ती मोरीत ओतली असती. बाईंचा हात मोरीपर्यंत गेलाही होता. पण न तपासता काही टाकायचं नाही ही सवय हाडीमासी खिळलेली, म्हणून त्यांनी थोडा रस काढला आणि तपासायला लावला.

आकडा बघून त्यांना वाटलं, आपण बाटल्यांची अदलाबदल केली. पुन्हा तपासलं. पुन्हा तोच आकडा. शिळ्या बाटलीत रस होता, चांगला भरपूर.

बाईंनी स्टुलावर बसून हिशेब मांडला: माल तोच, फक्त ही बाटली पिंपात न जाता थंडीत राहिली होती. मग त्या उठून खालच्या हॉलमध्ये गेल्या आणि पिंपावर तळहात ठेवला. पिंप कोमट होतं. भिंतीपलीकडे माल वाळवायची भट्टी होती. कारखान्यातल्या बाकी रसांना ही ऊब मानवायची, म्हणून कुणाला तिचा विचार करायची वेळच आली नव्हती. पण हा रस गारठ्यातला, नाजूक. उबेत तो स्वतःलाच कातरत सुटायचा आणि विरून जायचा. मंडळी टाकीत इमानेइतबारे राबत होती. त्यांची कमाई नळीत आणि पिंपात वाया जात होती, आणि खापर फुटत होतं मंडळींच्या डोक्यावर.

बाईंनी तोटीतून पुन्हा माल घेतला, दोन बाटल्यांत भरला. एक शीतखोलीत ठेवली, दुसरी पिंपाशेजारी. निकाल आल्यावर दोन्ही घेऊन त्या साहेबांकडे गेल्या आणि सगळं समजावून सांगितलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आता मी अख्खा हॉल गार करू? उद्या म्हणाल, त्यांना रजई द्या!"

"रजई नको, साहेब. त्यांच्या अंगावरची रजईच काढायची आहे."

साहेब हसले. बाईंनी तेवढ्यात कागदावर रेघोट्या ओढून दाखवल्या. हॉल गार करायची गरज नव्हती. नळीभोवती दुसरी नळी चढवायची, मधून गार पाणी खेळवायचं. पिंप आणि गाळणी दोन्ही शीतखोलीत आणायची. जागा? बाईंनी स्वतःच्या फळ्यांपैकी अर्ध्या काढून द्यायची तयारी दाखवली.

"आणि तुमचे चंबू?"

"दाटीवाटीनं राहतील. आम्ही नाही का राहत घरात?"

साहेबांनी एका खेपेची परवानगी दिली. फिटरनं नळ्या जोडल्या. ज्या दिवशी माल गाळायचा होता त्या दिवशी साहेब स्वतः कानटोपी घालून शीतखोलीत येऊन उभे राहिले. तपासणीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि बाईंना म्हणाले, "टाकी तुमची. हवे तितके दिवस."

खरी परीक्षा पुढेच होती. बाईंच्या थोरल्या नणंदेची लॉन्ड्री होती. बाई तिला वन्सं म्हणत. खोलीभर वाफ, कोपऱ्यात धगधगणारा बॉयलर आणि त्या आवाजावर मात करणारा वन्संचा आवाज. पाळणाघरांची, हॉटेलांची कापडं तिथे यायची. बाई आपला रस मिसळलेल्या पावडरीची पुडी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, बॉयलर बंद ठेवून बघायचं. नुसत्या नळाच्या पाण्यात."

"थंड पाण्यात? अगं, हयात गेली माझी कापडं उकळण्यात!"

"एक मशीन द्या मला. डाग राहिले तर मी बसून घासते."

"घासशीलच. माझ्यासमोर घासशील," वन्सं म्हणाल्या आणि सगळ्यांत वाईट गठ्ठा समोर टाकला. बाळांची दुधाळलेली दुपटी, अंड्याचे ओघळ पडलेले टेबलक्लॉथ, स्वयंपाक्यांचे एप्रन.

मशीन थांबलं. वन्संनी पहिलं दुपटं उजेडात धरलं, मग दुसरं. नाकाशी नेऊन हुंगलं. टेबलक्लॉथ उलटसुलट केला. बाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या. वन्संच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं, हे त्यांना ठाऊक होतं.

"दूध गेलं," वन्सं सावकाश म्हणाल्या. "अंडं पण गेलं. आणि कापड कसं मऊ राहिलंय, उकळून असं राहत नाही." मग हाताखालच्या मुलीला हाक मारून त्यांनी हुकूम सोडला, "उद्यापासून पाळणाघराचं सगळं थंड पाण्यात. आणि ही माझी भावजय बरं का, हिनं केलंय ते!"

बाईंचे कान लाल झाले. तेवढ्यात वन्संनी एक एप्रन उचलून त्यांच्या नाकासमोर फडकवला. "पण हे बघ. तेलाचे डाग जिथल्या तिथे. त्याचं काय?"

बाईंनी एप्रन हातात घेतला. तेल कापायला वेगळा रस लागतो, तो या मंडळींकडे नव्हता. पण ओढ्याच्या त्या गाळात आणखीही कुणी होते. त्यातल्या एकानं कधीतरी तूप मिसळलेल्या काचेच्या ताटलीवर, भोवतीचं तूप पचवून, नितळ कडं पाडलेलं बाईंना आठवत होतं.

"वन्सं, हा एप्रन मी नेऊ?"

"ने की. आणि जेवून जा, तोंड सुकलंय तुझं."

"नको, आधी कारखान्यात जाऊन येते," बाई म्हणाल्या, आणि ओला एप्रन पिशवीत कोंबून भराभर चालायला लागल्या.