वनिताची दोन बोटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा गुडघेदुखी, पोरांची तब्येत असलं काहीबाही मागते आणि मोकळी होते. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका — मला नीट सांगता यायचं नाही.

आधी माझा स्वभाव ऐका. मी तापट आहे. नुसती तोंडाची नव्हे, हाताची. एकदा घरात रागाच्या भरात कुकरचं झाकण भिंतीवर फेकलं, टवका अजून दिसतो. पण सानपाड्यातल्या ज्या ग्रंथालयात मी नोकरी करते, तिथं विचाराल तर म्हणतील, बाई किती सोशिक! का म्हणतात? कारण तिथं मला कुणी कधी चुकलीस म्हटलंच नव्हतं. नवं पुस्तक आलं की त्याचं कार्ड मी लिहायचं आणि मागच्या खोलीतल्या सागवानी कपाटात, त्याच्या खणात, त्याच्या जागी लावायचं. कुठलंही पुस्तक विचारा, खण न उघडता त्याची जागा सांगायचे. तोच माझा रुबाब.

मग ठरलं, सगळी कार्डं वेबवर चढवायची. वाचकानं घरबसल्या मोबाइलवर पुस्तक शोधायचं. ट्रेनिंगला आम्ही दोघी — मी आणि वनिता. वनिता गावातली, आगरी, पुस्तकं लावायला कंत्राटावर ठेवलेली. अन् ती दोन दिवसांत शिकली! मी माउस धरला की बाण भलतीकडंच पळायचा. "ताई, असा नाय, खाली सरकवा. आता दाबा. बघा, जमला ना?" मी हसायचे. आतून काय व्हायचं? लाज? लाज वाटली असती तर बरं होतं हो. तिचं तोंड धरून कीबोर्डवर आपटावंसं वाटायचं. रोज.

त्यात ग्रंथालयाच्या चिटणीसांनी सांगून टाकलं — हे काम पुरं झालं की वनिताला कायम करायचं. कंत्राटावरची बाई, एकदम संगणक विभाग.

आता माझी चूक. आमच्याकडं प्रत्येक खणात कार्डांच्या भोकांतून एक लोखंडी सळई जाते. नवं कार्ड आधी सळईच्या वर नुसतं खोचून ठेवायचं. सगळी लावून, तपासून झाली की सळई एकदाच ओढायची — सगळी कार्डं एकदम खाली बसतात. वेबवर 'ड्राफ्ट' बघितलं, म्हणजे वाचकाला न दिसणारी कच्ची नोंद, आणि मला वाटलं, हेच ते. शेवटी एकदा 'पब्लिश' दाबू, सगळं एकदम बसेल. तीन महिने मी तशाच नोंदी ठेवत गेले. वनितानं आपल्या नोंदी एकेक करून पब्लिश केल्या होत्या. मी तिला विचारलं नाही. मी कशाला विचारू?

ग्रंथालयाची कमिटी काम बघायला आली. मी ऐटीत बटण दाबलं. बसली एकच नोंद — शेवटची. मंडळी मोबाइलवर शोधतायत, वनिताची पुस्तकं सापडतायत, माझं त्या एकाशिवाय काही नाही. वनिता वाकून बघत म्हणाली, "ताईंचा समदा ड्राफ्टमदीच रायला." तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एक सभासद म्हणाले, "बाईंनी पुस्तकं लपवून ठेवली वाटतं!" आणि सगळे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मागच्या खोलीत गेले. ती मागोमाग आली. "टेन्शन घेव नका ताई, मी बसते ना तुमच्यासंगती." असं म्हणत तिनं कार्डं काढायला खण ओढला. तिची बोटं खणाच्या कडेवर होती. ती मी बघितली. सांगायचं ते हेच — मी बघितली, आणि मग दोन्ही हातांनी खण आत ढकलला.

ती किंचाळली. मी थांबले असते तर निदान म्हणता आलं असतं, राग होता, हात सुटला. मी थांबले नाही. तिची बोटं निघायच्या आत खण अर्धवट उघडून पुन्हा मारला. कंबर लावून दाबून धरला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं बरं वाटलं.

लोक धावत आले तेव्हा मीच ओरडत होते, "अगं बाई, खण घसरला गं!" रिक्षातून मीच तिला दवाखान्यात नेलं, पदरानं रक्त पुसलं. सगळे म्हणाले, बाईंचा जीव किती तुटतो!

तिनं चिटणीसांना खरं सांगितलं. त्यांनी मला बोलावलं. मी रडले. एवढ्या वर्षांची मी, मी असं करीन? तीच चालत्या खणात हात घालते आणि माझ्यावर ढकलते! "चोराच्या उलट्या बोंबा," चिटणीस तिला म्हणाले. माझ्यासमोर. कायम करणं राहिलं, कंत्राटही गेलं. दोन बोटं वाकायची बंद झाली, पुन्हा कीबोर्डवर चालली नाहीत.

मी पुढं सगळं शिकले. आता संगणक विभाग माझ्याकडं आहे.

मागच्या महिन्यात ती आली, नवऱ्याला घेऊन. काउंटरपाशी उभी राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, "नोकरी नको मना, ताई. यांनाबी वाटतं मी खोटा बोल्ले, कामात ध्यान नव्हता म्हनून हाकलला. रोज आयकवतान. तुमी यांना फक्त खरा काय ते सांगा. मंग जाते."

मागं चार वाचक उभे होते. नवरा माझ्याकडं बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. एकच.

"खण घसरला होता, वनिता," मी म्हणाले. "किती वेळा सांगू?"

"आयकलास?" नवरा म्हणाला. "चल आता." त्यानं तिचा हात धरून ओढला — तोच हात. ती कळवळली. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी स्क्रीनकडं मान वळवली आणि पुढच्या वाचकाला विचारलं, "सभासद क्रमांक?"