आधी डीव्हीडी, मग टीव्ही

लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात भाकरी करपली म्हणून जोतिरामनं राजश्रीचा हात तव्यावर दाबून धरला होता. विहारामागच्या त्या गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. सासू तानाबाई दाराशी मिशरी लावत बसून राहायची. एकदोनदा मधे पडली, तेव्हा पोरानं तिलाही भिंतीवर ढकलून दिलं. मग ती मधे पडायची थांबली.

राजश्री शिलाई कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची. जोतिराम यंत्रमागावर होता; मनात आलं तर जायचा. मागल्या उन्हाळ्यात तो पिऊन आला आणि दार उघडायला जरा उशीर झाला, तेवढ्यावरून त्यानं विळीनं केबलची वायर कापून टाकली. तेव्हापासून घरातला जाड पाठीचा टीव्ही मुका होता.

दिवाळीला कारखान्यानं बोनस दिला. जोतिरामला भिंतीला टांगायचा पातळ टीव्ही हवा होता. राजश्रीच्या मनात वेगळंच होतं. सातवीतली लेक प्रतिक्षा शाळेच्या गॅदरिंगमध्ये लेझीमच्या पथकात पुढं नाचली होती. त्याची डीव्हीडी शाळेनं दिली, ती लावायला घरात प्लेअर नसल्यानं पेटीत कपड्यांखाली पडून होती. टीव्ही काय, पुढच्या वर्षीही आला असता. पोर तेवढ्यात मोठी झाली असती.

मायलेकी नव्या पेठेत गेल्या. सिद्धप्पा नावाच्या दुकानदारानं आधी स्वस्तातला प्लेअर काढला. राजश्रीनं पिशवीतून डीव्हीडी काढली आणि लावून दाखवा म्हणाली. प्रतिक्षाची रांग यायच्या आतच चित्र अडकलं. दुसऱ्या प्लेअरवर मात्र ती सरळ शेवटपर्यंत चालली. घरी टीव्ही कुठला आहे, हे सिद्धप्पानं विचारून घेतलं.

"मग ह्योच न्या," तो म्हणाला. "ह्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी तुमच्या जुन्याला बसतील. उद्या पातळ आणला तर त्याच्या वायरीची बी जागा हाय मागं. पहिल्याला ती न्हाय."

तो महाग पडत होता, म्हणून राजश्रीनं स्वतःच्या साडीचा बेत सोडला आणि तोच उचलला.

संध्याकाळी तानाबाई पडद्याला नाक लावून नात बघत होती. तेवढ्यात जोतिराम आला. टीव्ही कुठं आहे, असं त्यानं विचारलं. टीव्ही पुढच्या साली घेऊ, हा प्लेअर त्यालाही चालतो, असं राजश्रीनं हळू आवाजात सांगितलं. ते पुरतं ऐकूनही न घेता त्यानं प्लेअर ओढला. वायरी तटातट निघाल्या. तोच प्लेअर त्यानं तिच्या कपाळावर हाणला. ती मोरीत पडली, डोळ्यात रक्त उतरलं, आणि तो पोटात लाथा घालू लागला.

प्रतिक्षा मधे आली. त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पोर आई म्हणून ओरडली. त्यानं पुन्हा आपटलं, आणि ओरडणं बंद झालं.

राजश्रीला ते बंद झालेलंच ऐकू आलं. मोरीशेजारी पाटा-वरवंटा होता. वरवंटा हाताला लागला तशी ती उठली आणि वेणी धरलेल्या मनगटावर तिनं तो घातला. मूठ सुटली नाही. तिनं पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला, जोतिराम गुडघ्यावर बसला. मग तिनं वरवंटा त्याच्या डोक्यावर उचलला, आणि तानाबाईनं तिला मागून मिठी घातली.

"राजे, टाक ते. हात मोडला, आता पुरं. तुला पोरगी हाय."

तिनं वरवंटा खाली टाकला आणि पोरीला उचललं. प्रतिक्षानं डोळे उघडले ते रिक्षात.

बायकोनं जीव घ्यायला बघितलं, अशी तक्रार जोतिरामनं दवाखान्यातूनच दिली. दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आला. सुनेनं मारलं का, असं त्यानं तानाबाईला विचारलं.

"मारलं की," म्हातारी म्हणाली. "त्यानं पोरीचं डोकं चौकटीवर आपटलं म्हणून मारलं. इतकी वर्सं त्यो हिला मारत हुता आन् मी दारात बसून बघत हुते. ते बी लिवा."

हवालदारानं तेही लिहून घेतलं.

आईचाच जबाब विरुद्ध गेल्यावर जोतिरामनं तक्रार मागं घेतली आणि तो केम गावाला चुलतभावाकडं राहायला गेला. उजवं मनगट वाकडंच जुळलं. मागावरची सुताची गाठ त्याच्या हातून पुन्हा कधी बसली नाही. प्रतिक्षाला डाव्या कानानं कमी ऐकू येऊ लागलं. राजश्रीला पुष्कळ दिवस मशीन भरधाव चालवता येईना. जाड कापडातून सुई कट्‌कन गेली की तिला मनगट मोडल्याचा तो आवाज आठवायचा आणि पाय थबकायचा. तिला पस्तावा झाला नाही. पण आपण आणखी एक घाव घालणार होतो, हेही ती विसरली नाही.

प्लेअरचं झाकण चेपलं होतं. सिद्धप्पानं ते सरळ करून दिलं. पुढच्या दिवाळीत पातळ टीव्ही आला, आणि प्लेअर खरंच त्याला बसला.

त्याच हिवाळ्यात जोतिराम एकदा दाराशी आला. आईला न्यायला आलोय म्हणाला. तानाबाई जागची उठली नाही.

"मी हितंच बरी हाय," ती म्हणाली. "तू जा, तुजी गाडी चुकंल."

राजश्रीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. डाव्या हातानं तांब्या धरून तो उंबऱ्याबाहेरच उभ्यानं प्याला.